जिन्यावरचे महापौर

१

मंगळवारी सकाळी साडेआठला जून यामानेने सान फाकुंदोच्या नगरभवनातली कागदपत्रांची खोली उघडली, दिवा लावला आणि तिचा हात बटणावरच राहिला. जुन्या इतिवृत्तांच्या फळीवर १९३३ आणि १९३५ या दोन खंडांच्या मध्ये चार बोटं जागा मोकळी होती. १९३४चा खंड नव्हता.

जून नगरचिटणीस होती. तिने पोलिसांना फोन केला नाही, एमेट लिंडग्रेनला केला.

एमेट या गावात एकतीस वर्षं पोलिसात होता, सार्जंट होऊन निवृत्त झाला होता. पण जूनने त्याला बोलावण्याचं कारण ते नव्हतं. जूनच्या आधी बावीस वर्षं चिटणिसाच्या खुर्चीत त्याची बायको कोरा बसत होती. चौदा महिन्यांपूर्वी ती गेली. तेव्हापासून एमेट एका जागी बसत नसे. जेवायचासुद्धा ओट्याशी उभा राहून.

"बसा तरी," जून म्हणाली.

"उभा बरा आहे. शेवटचा कधी पाहिलास?"

"काल संध्याकाळी, सभेच्या आधी. आणि सभेत काय झालं ते तुम्ही ऐकलंच असेल."

सगळ्या गावाने ऐकलं होतं. शनिवारी गावाला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. आजवरच्या महापौरांच्या नावांचा पितळी फलक दारावर लागायचा होता. सोमवारच्या सभेत देओलिंडा सिल्वेरा उठली आणि म्हणाली, माझे वडील अमारो सिल्वेरा १९३४ साली अकरा आठवडे महापौर होते, त्यांचं नाव यादीत का नाही? महापौर म्हणाले, गुरुवारी चारला सगळ्यांसमोर खंड उघडू. पाचला यादी ओतकामवाल्याच्या हातात जाईल. एकदा पितळ ओतलं की संपलं.

"खोलीची किल्ली?"

"कॉफीच्या डब्यात. मला ठाऊक, महापौरांना ठाऊक, इतिहास मंडळाच्या मिसेस टॅगार्टना ठाऊक." जूनने मोकळ्या जागेवर हात ठेवला. "एमेट, माझ्या ताब्यातला खंड गेलाय. मी बाराव्या वर्षी या गावात आले, आणि अजून लोक मला विचारतात, तू मूळची कुठली. आता काय विचारतील?"

एमेट जिना उतरू लागला. या जिन्याच्या भिंतीवर सान फाकुंदोचे महापौर टांगलेले आहेत. इथे नगरसभेचे पाच सभासद दर एप्रिलला आपल्यातल्याच एकाला खुर्चीवर बसवतात. कोणी एकदा बसतो, कोणी पाचदा. खुर्ची सोडणाऱ्याने आपल्या तसबिरीचा खिळा स्वतःच्या हाताने ठोकायचा, आणि ज्याने खिळा ठोकला नाही तो महापौरांत मोजायचा नाही, असा रिवाज. एका दंतवैद्याने तीन खिळे वाकवून चौथ्याला स्वतःचं बोट ठेचलं होतं. त्याच्या तसबिरीपाशी अजून लोक जबडा चोळतात.

मधल्या वळणावर एव्हरेट हॉलनबेक होता, १९३४ ते १९४१, खुर्चीत असतानाच वारलेला. त्याची जड चौकट डावीकडे कलली होती. ती नेहमीच कलायची. कोरा येता-जाता ती सरळ करायची आणि म्हणायची, "एव्हरेटला आज पुन्हा चढलीय."

एमेटने चौकट सरळ केली आणि तो बाहेर पडला.

२

आत्ताचा महापौर ड्वाइट हॉलनबेक हा त्याच एव्हरेटचा नातू. तो ट्रॅक्टर विकायचा. दुकानासमोरून टोमॅटोचे ट्रक एकामागून एक कारखान्याकडे चालले होते आणि वळणावर रस्ता लाल झाला होता.

"या सार्जंट. अटक करायला आलात?"

"खंड देऊन टाका, कॉफी न घेताच जातो."

ड्वाइट हसला. त्याने टेबलाखालून कापडाची गुंडाळी काढून पायाने उलगडली. 'शंभर वर्षं, पन्नास महापौर.' अक्षरं हातभर उंच होती.

"यातला पन्नासावा मी. सिल्वेरा मोजला की मी एक्कावन्नावा. शिवाय माझ्या आजोबांनी खुर्ची दुसऱ्याच्या बुडाखालून ओढली असा अर्थ होतो. मग खंड गेला की लोक कोणाकडे बघणार? माझ्याकडे. मी इतका मूर्ख दिसतो?"

"तुम्ही मतं मागायला आलात तेव्हा कोराने मला हेच विचारलं होतं."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, दिसतो, पण नाहीये."

ड्वाइट मोठ्याने हसला आणि मग एकदम गंभीर झाला. "एक सांगून ठेवतो. मला त्या म्हातारीची दया येते. पण नुसती आठवण पितळेत ओतता येत नाही. कागद आणा, मी स्वतः नाव घालतो. नाही आणला, तर नाही."

"हा शब्द?"

"शब्द. पण एमेट," ड्वाइटने कापड गुंडाळायला घेतलं, "तो खंड नसला तर माझा फायदा आहे हे खरं. पण महापौरांची यादी छापलेल्या त्या पुस्तिकेच्या तीन हजार प्रती माझ्या घरी नाहीत."

३

पुस्तिका विनिफ्रेड टॅगार्टची होती. ती गावाच्या इतिहास मंडळाची अध्यक्ष, वय चौऱ्याहत्तर, मान ताठ. महापौरांची यादी करण्याचं काम आधी कोराचं होतं. कोरा आजारी पडल्यावर ते विनिफ्रेडने घेतलं. दिवाणखान्यात पुस्तिकांचे गठ्ठे पियानोच्या उंचीपर्यंत गेले होते.

तिने कॉफी ओतली. ओतताना बोटाचं टोक कपाच्या काठाच्या आत धरलं होतं. कॉफी बोटाला लागली तशी ती थांबली. एमेटने ते पाहिलं आणि खिडकीकडे वळला.

"फेऱ्या घालू नकोस, गालिचा झिजेल," ती म्हणाली.

"सिल्वेराचं काय?"

"काही नाही. मी प्रत्येक खंड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलाय. १९३४चा तर दोनदा. त्या उन्हाळ्यात पीचच्या कारखान्यात संप झाला, सगळं त्यात आहे. सिल्वेरा कुठेही नाही."

"मग खंड गेल्याने तुमचंच नुकसान झालं. तोच तुमचा पुरावा होता."

विनिफ्रेडने किटली खाली ठेवली. "तेच तर म्हणते मी. खंडात नाव नाही, हे कोणाला नको होतं? मला नाही. देओलिंडाला विचार. नाव सापडलं नाही अशी फजिती होण्यापेक्षा खंडच सापडला नाही हे तिला बरं."

एमेटला ते आवडलं नाही. आणि तर्कात खोट दिसली नाही, हे त्याहून आवडलं नाही.

४

देओलिंडाला सगळं गाव तिया म्हणतं. अझोरेस बेटांवरून आलेल्या लोकांत मावशीला तिया म्हणतात, आणि ती एकाहत्तराव्या वर्षी अर्ध्या गावाची मावशी होती. वडिलांच्या जुन्या भट्टीमागे तिचं घर होतं. ती केल नावाच्या कोबीसारख्या भाजीच्या पानांचं सूप ढवळत होती.

"बस."

"नको."

"बस रे, खुर्ची चावत नाही."

एमेट दाराशीच उभा राहिला. "तिया, खंड तू नेलास का?"

तिने डाव वर केला. "मला चोरी जमली असती ना, तर मी तो अख्खा जिना उचलून आणला असता! कोणी सांगितलं? विनिफ्रेडने? तिला म्हणावं, आधी रस्त्यात माणसं ओळखायला शीक. रविवारी चर्चबाहेर तिने टपालाच्या पेटीला नमस्कार केला."

मग ती डाव खाली ठेवून बोलली. अमारो सिल्वेरा नालबंद होता. चार मोठ्या लोकांच्या सभेत पाचवा. एप्रिलमध्ये त्या चौघांचं आपसात जमेना, म्हणून खुर्ची त्याला मिळाली. जून महिन्यात पीच कारखान्यातल्या बाया संपावर गेल्या. त्यांच्या तंबूंवर दोनशे माणसं कुऱ्हाडीचे दांडे देऊन पाठवायची होती. त्या हुकुमावर महापौराची सही हवी होती. अमारोने सही केली नाही. त्याच संध्याकाळी चौघांनी त्याला काढलं.

"घरी आले. हातोडी घेतली, ही तसबीर घेतली. म्हणाले, अकरा आठवडे तर अकरा आठवडे, खिळा मीच ठोकणार. आणि गेले. दुसऱ्या दिवशी पोलीस तसबीर परत घेऊन आला. बाबा पुन्हा त्या जिन्यावर चढले नाहीत. पुढे नऊ वर्षं जगले, पण टपाल आणायलासुद्धा मला पाठवायचे."

टेबलावर अर्धवट सोडलेल्या कागदात लहानशी तसबीर होती. दाट मिशा, घट्ट गळपट्टी. एमेट नजर चुकवून दारामागे टांगलेल्या चामड्याच्या जुन्या एप्रनकडे वळला. खिशाला हात लावला तर बोटाला टोचलं.

"जपून. त्यांचे नालेचे खिळे आहेत. मी काढले नाहीत."

एमेटने बोट तोंडात धरलं.

"कोरा म्हणाली होती," तिया हळूच म्हणाली, "मी शोधते, सापडलं की पहिली तुझ्याकडे येईन. ती शब्द न पाळणारी बाई नव्हती. तिची वही कुठे आहे, एमेट?"

वही कुठे आहे ते एमेटला नेमकं ठाऊक होतं. चौदा महिने त्याने तो खण उघडला नव्हता.

५

बुधवारी सकाळी त्याने वही काढली. स्वयंपाकघरात नेली, परत आणली, ओसरीवर नेली. शेवटी गाडीत घालून किराणा दुकानासमोर लावली, कारण तिथे माणसांची ये-जा होती आणि माणसांसमोर आपण सांभाळून राहू असं त्याला वाटलं.

कोराचं अक्षर उजवीकडे झुकलेलं, घाईत असल्यासारखं. वर्षं, नावं, खुणा. मध्येच 'एमेटच्या गोळ्या संपत आल्या' असंही. ते वाचून तो थोडा वेळ समोरच्या काचेतून बघत राहिला.

शेवटच्या लिहिलेल्या पानावर इस्पितळात जाण्याच्या दोन दिवस आधीची तारीख होती.

'सिल्वेरा मिळाले. खंड १९३५. आता जिना बघायचा.'

१९३५? त्याने पुन्हा वाचलं. अमारो महापौर झाला १९३४ साली, काढला १९३४ साली. कोरा आकड्यात चुकत नसे.

आणि मग त्याला आठवलं. जेवणाच्या टेबलाशी कोरा तक्रार करत होती. "जुने चिटणीस म्हणजे ना, एमेट! सभेचं वर्ष एप्रिल ते एप्रिल. आणि खंडाच्या पाठीवर आकडा घालायचा तो वही बंद झाली त्या वर्षाचा. एकसष्टपर्यंत असंच चाललं. नवीन माणूस दर वेळी चुकीची वही काढतो." तेव्हा त्याने मान हलवून बटाटे मागितले होते.

म्हणजे १९३४चा खंड १९३४च्या एप्रिलमध्ये बंद झाला. त्यात अमारोचा एक दिवसही नव्हता. चोराने चुकीचा खंड नेला होता, आणि खरा खंड मोकळ्या जागेला खेटून तिथेच उभा होता.

एमेटने गाडी सुरू केली आणि पुन्हा बंद केली. जूनने एकसष्टच्या आधीचा खंड कधी उघडला नव्हता, ड्वाइटनेही नाही. ती दोघं फसली असती. पण त्या दोघांपैकी कोणीही 'मी सगळं वाचलंय' असं म्हटलं नव्हतं. तसं म्हणणारं एकच माणूस होतं. आणि ते माणूस म्हणालं होतं की उन्हाळ्यातला संप आपण १९३४च्या खंडात दोनदा वाचला.

त्या खंडात उन्हाळा नव्हताच.

६

"तुम्ही ते खंड वाचले नाहीत," एमेट दारातच म्हणाला.

विनिफ्रेडने मान आणखी ताठ केली. "तू माझ्या घरात उभा आहेस."

"सगळीकडे उभाच असतो. १९३४चा खंड त्या वर्षीच्या एप्रिलला संपतो, मिसेस टॅगार्ट. संप जून महिन्यातला. वाचला असतात तर हे कळलं असतं. यादी तुम्ही जिन्यावरून घेतलीत ना? तसबिरींखालच्या पितळी पट्ट्यांवर बोट फिरवून?"

ती पियानोच्या बाकावर बसली.

"कोराला ते हस्ताक्षर वाचता यायचं," ती म्हणाली. "मी काम घेतलं तेव्हा मलाही थोडं यायचं. मग नजरेचा मधला भाग गेला. आता तुझ्याकडे बघते तर तुझे कान दिसतात, तोंड नाही. कोणाला सांगणार? चाळीस वर्षं या गावाचा इतिहास मी सांगितला. सोमवारी देओलिंडा उठली आणि मला वाटलं, गुरुवारी सगळ्यांसमोर पान उघडणार, आणि ते मलाच वाचायला देणार."

"म्हणून मंगळवारी सकाळी किल्ली काढलीत."

"पाठीवरचा आकडा बोटाला लागतो. तो ठसठशीत असतो." ती उठली, बाकाचं झाकण वर केलं. स्वरलिपीच्या कागदांखाली खंड होता. "आणि तोही चुकीचा आणला! चोरसुद्धा धड होता आलं नाही मला, एमेट."

त्याने खंड काखेत मारला. दारापाशी पोचल्यावर तो थांबला. "उद्या चारला या. पान जून वाचेल. तुमच्या डोळ्यांची गोष्ट कोणाला सांगायची ते तुम्ही ठरवा."

७

गुरुवारी चारला सभागृहात सतरा-अठरा माणसं होती. ओतकामवाला दाराशी खुर्ची टाकून बसला होता, गुडघ्यावर यादी. जूनने १९३५चा खंड उघडला.

"दहा एप्रिल १९३४," ती वाचू लागली. "नव्या वर्षासाठी महापौर म्हणून श्री. अमारो सिल्वेरा यांची निवड झाली."

देओलिंडाने डोळे मिटले. मांडीवरचा कागदात बांधलेला तसबिरीचा पुडा तिने जवळ ओढला. एमेटने खिडकीशी उभ्याउभ्या श्वास सोडला. झालं, असं त्याला वाटलं.

जून पानं उलटत होती. तिचा आवाज उतरला. "सव्वीस जून. श्री. सिल्वेरा यांना चार मतांनी दूर करण्यात आले. पुढे लिहिलंय..."

"वाच," ड्वाइट म्हणाला.

"श्री. सिल्वेरा यांनी रिवाजाप्रमाणे खिळा न ठोकताच नगरभवन सोडले. सबब त्यांना महापौरांत मोजू नये."

ड्वाइटने कपाळ चोळलं. "तिया, मी शब्द दिला होता कागदावर. आणि कागदच नाही म्हणतो."

"खोटं आहे!" देओलिंडा उठली. "ते हातोडी घेऊन गेले होते. मी दारात उभी होते!"

"दारात. जिन्यावर कोण होतं?"

"तुझे आजोबा होते की! विचार त्यांना!"

ओतकामवाल्याने घड्याळ पाहिलं. चार वाजून पंचवीस मिनिटं. देओलिंडा खाली बसली ती एकदम लहान होऊन. एमेटने खिडकीकडे तोंड फिरवलं. चौदा महिने तो स्वतःशी हेच म्हणत होता की कोराचं सगळं अर्धवट राहिलं.

अर्धवट. सिल्वेरा मिळाले. आता जिना बघायचा.

म्हणजे कोराने हे पान वाचलं होतं. हे वाक्य वाचूनच तिने ते लिहिलं होतं.

"ड्वाइट," तो वळून म्हणाला, "तुमच्या आजोबांनी खिळा कधी ठोकला?"

"आजोबांनी? ते खुर्चीतच वारले. तसबीर आजीने लावून घेतली."

"कोणत्या खिळ्यावर?"

८

सगळे जिन्याच्या वळणावर दाटीने उभे राहिले. एव्हरेट हॉलनबेक पुन्हा डावीकडे कलला होता.

"मी मंगळवारी सरळ केला होता," एमेट म्हणाला. "बावीस वर्षं कोरा करायची. बाकीचे अठ्ठेचाळीस जागचे हलत नाहीत. हाच का कलतो?"

ड्वाइटने दोन्ही हातांनी चौकट उचलून काढली.

भिंतीत एकच खिळा होता. बाकीच्या खिळ्यांसारखा गोल नव्हता. चपटा, निमुळता, डोकं चौकोनी, आणि इतकी वर्षं जड चौकट पेलून पुढे वाकलेला. जिन्यावरच्या दंतवैद्यांनी, वाण्यांनी, कारखानदारांनी असला खिळा कधी हातात धरला नसता.

देओलिंडा दोन पायऱ्या चढली आणि तिने त्यावर बोट ठेवलं.

"नालेचा आहे," ती म्हणाली. "एप्रनच्या खिशातले असेच आहेत. त्यांच्याकडे दुसरे खिळे नव्हतेच. एमेटचं बोट विचारा."

एमेटने बोट वर केलं. अजून लाल होतं. कोणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले.

ड्वाइट आजोबांना छातीशी धरून भिंतीकडे बघत होता. "म्हणजे सिल्वेरांनी ठोकला. यांनी तसबीर काढली, खिळा काढायचा विसरले, आणि पुस्तकात खोटं लिहिलं. आणि आजोबांनी स्वतः कधी ठोकलाच नाही." त्याने मान हलवली. "रिवाजाने बघायचं तर वगळायचं यांनाच. सिल्वेरा आत, एव्हरेट बाहेर. आकडा पन्नासच राहतो. कापडसुद्धा बदलायला नको."

तो थट्टा करत नव्हता. ओतकामवाल्याने पेन्सिल काढली होती. सगळ्यांनी देओलिंडाकडे पाहिलं.

ती वाकलेल्या खिळ्याकडे बघत राहिली.

"राहू दे त्यांना," ती शेवटी म्हणाली. "बाबांचा खिळा सांभाळला ना इतकी वर्षं. त्यांच्यासाठी तू एक नवा ठोक, म्हणजे झालं."

"मग एक्कावन्न," ड्वाइट म्हणाला.

"मोजता येतं मला."

"तीन हजार पुस्तिका आहेत," मागून विनिफ्रेडचा आवाज आला. ती कठड्याला धरून उभी होती. "दुरुस्तीची चिठ्ठी प्रत्येकीत मी चिकटवीन. मजकूर कोणीतरी सांगा. मला लिहिता येईल, वाचता येत नाही." जून तिच्याजवळ गेली आणि तिने काही न विचारता तिचा हात धरला.

चार पन्नासला ओतकामवाला यादी घेऊन गेला. १९३३चा महापौर आणि एव्हरेट हॉलनबेक यांच्या मध्ये एक नाव पेन्सिलीने लिहिलेलं होतं. ड्वाइटने आजोबांसाठी खिळा ठोकला. पहिला वाकला.

देओलिंडाने पुडा सोडला आणि लहानशी तसबीर वडिलांच्या खिळ्यावर अडकवली. थोडा वेळ हात तसाच खाली धरून ठेवला, मग काढून घेतला. मग ती जूनला सोबत घेऊन खाली गेली. सूप मोठ्या भांड्यात केलंय, म्हणाली, सगळे या.

एमेट मागे राहिला. तसबीर कलते का ते त्याला बघायचं होतं. तो समोरच्या पायरीवर टेकला. मिशीवाला नालबंद समोर बघत होता. बाहेरून ट्रक गेला तशा भिंतीवरच्या काचा थरथरल्या. तसबीर हलली नाही.

त्याने सोबत आणलेली कोराची वही मांडीवर घेतली, शेवटचं लिहिलेलं पान उघडलं आणि 'आता जिना बघायचा' याच्यापुढे तारीख घातली. खाली तिया त्याला हाका मारत होती. येतो म्हणाला, पण उठला नाही. बसायला बरं वाटत होतं.